लालबागच्या डंकावर वर्षाचा मसाला : पाचपैकी चार तारे

मार्च लागला की ऑफिसात कोणीतरी विचारतंच, तुझ्या डब्यातल्या कालवणाला हा रंग कुठून येतो? लालबागहून. पण दुकानातून पाकीट उचललं आणि निघालं, अशा खरेदीबद्दल हे नाही. पाकिटं कुठेही मिळतात. आपल्यासमोर मिरची निवडून, भाजून, डंकावर म्हणजे यंत्राच्या मुसळाखाली कुटून वर्षाचा मसाला करून देतात, त्या सेवेबद्दल लिहितेय. दुकानाचं नाव मात्र देत नाही. मालकांना विचारलं तर म्हणाले, "ताई, नाव नका टाकू. एप्रिलात आधीच उभं राहायला जागा नसते." मसाल्याच्या त्या गल्लीतल्या पाच-सहा दुकानांची पद्धत तशी एकच आहे, त्यामुळे हे बहुतेक सगळ्यांना लागू पडेल.

पद्धत अशी. आधी मिरची. पोती उघडी मांडलेली असतात, हात घालून बघायचं. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी चवीला आणि पांडी किंवा गुंटूर तिखटाला. आमच्या आईचं मालवणी प्रमाण आहे : किलोला अर्धा किलो ब्याडगी आणि बाकी दोन्ही पाव-पाव किलो. अर्धा किलो धणे. मग खडा मसाला : लवंग, मिरी, दालचिनी, बडीशेप, दगडफूल, नागकेशर, बादियान, मसाला वेलची, जायपत्री, शहाजिरं, खसखस, हळकुंड. तुमची यादी घेऊन जा. नसेल तर दुकानदार विचारतो, "मालवणी, आगरी की घाटी?" आणि तुमच्या तोंडाकडे बघून प्रमाण सांगायला लागतो. त्याचा अंदाज सहसा बरोबर असतो, पण यादी आपलीच बरी. दर इथे लिहीत नाही, ते पिकावर हलतात. भाजायची आणि कुटायची मजुरी वेगळी, तीही किलोवर. सगळं आधी विचारून घ्या.

ब्याडगी घेताना एक बघा. नवी मिरची फेब्रुवारी-मार्चात येते. तोवर गोदामातली गेल्या वर्षीची खपवायची असते. जुनीचा रंग विटकरी असतो आणि वास जवळजवळ गेलेला. फार चकाकणारी मिरची दिसली तर बोटाला चोळून बघा, तेलाचा हात फिरवलेला असू शकतो. मी ज्यांच्याकडे जाते ते स्वतःच सांगतात, "ही जुनी आहे, स्वस्तात लावतो, हवी तर घ्या." एवढ्यासाठीच मी तिथे जाते म्हटलं तरी चालेल.

मग देठ खुडायला बसलेल्या बायका. त्यांच्याकडे मिरची दिली की तुमचं नाव लिहिलेली चिठ्ठी पिशवीला लागते. त्यानंतर भाजणी. मोठ्या कढईत प्रत्येक जिन्नस वेगळा, मिरची शेवटी. धणे किती भाजायचे यावर मी एकदा भाजणाऱ्या दादांशी वाद घातला. ते हसले आणि चार दाणे माझ्या तळहातावर ठेवून म्हणाले, "चावा." धणा दाताखाली कुरकुरला पाहिजे आणि आतून तपकिरी नको. त्यानंतर मी गप्प.

डंक म्हणजे या सगळ्याचा जीव. लोखंडी उखळी, त्यात यंत्रावर चालणारं मुसळ. वर जातं, आपटतं, परत वर. समोर तोंडाला ओढणी बांधलेली बाई बसलेली असते आणि ठोक्यांच्या मधल्या वेळात कडेला आलेली मिरची आत लोटत असते. बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, ती मात्र शेजारणीशी मुलीच्या बारावीबद्दल बोलत असते. मधेच थांबवून चाळते, वर राहिलेली साल आणि बिया परत उखळीत. गिरणीत दळलं की मसाला फार तापतो, रंगही उतरतो. कुटलेला तेवढा तापत नाही, शिवाय थोडा भरड राहतो, माशाच्या आमटीला तोच लागतो. आपला मसाला आपल्या डोळ्यांसमोर कुटून घ्यायचा हा इथला अलिखित नियम आहे. कोणी त्याचा अपमान मानत नाही. बायका शिंकत, डोळे पुसत तिथेच उभ्या असतात.

आता पुनर्विकासाचं, कारण त्याच्याशिवाय या सेवेची खरी किंमत कळणार नाही.

आमची चाळ चिंचपोकळीच्या बाजूला होती. तिथे देठ खुडणं गॅलरीत, वाळवण गच्चीवर आणि भाजणं तळमजल्याच्या पडवीत स्टोव्ह लावून. दुकानातून फक्त मिरची यायची आणि शेवटी कुटायला डंकावर जायची. मधलं सगळं काम चाळ करायची, म्हणजे चाळीतल्या बायका करायच्या. गच्चीवर कोणाच्या मिरच्या कोणत्या दिवशी ते ठरलेलं असे आणि कावळे हाकलायला शाळेला सुट्टी लागलेली पोरं. पुढे चाळ उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीचा उपकर भरणारी जुनी इमारत, म्हणून विकास नियमावलीच्या ३३ (७) या नियमाखाली पुनर्विकासाला गेली. त्या नियमात जुन्या भाडेकरूला किमान ३०० चौरस फुटांचं घर मिळतं. आम्हालाही मिळालं. घरात संडास, घरात नळ, लिफ्ट. याबद्दल माझी कुरकुर नाही. पहाटे टमरेल घेऊन रांगेत उभं राहिलेल्या माणसाला चाळीच्या आठवणींचे गहिवर कोणी सांगू नयेत.

पण ती मोजणी खोल्यांची होती. गॅलरी सामायिक, गच्ची सामायिक, पडवी कोणाचीच नाही, म्हणून ती कोणाच्या चौरस फुटांत आली नाही. नव्या इमारतीत गच्चीला कुलूप आहे आणि किल्ली सोसायटीच्या कार्यालयात. रेफ्यूज मजला आगीच्या वेळी लोकांना थांबायला असतो, तो मोकळाच हवा, हेही खरं. तरी पहिल्या वर्षी तिथे तीन घरांच्या मिरच्या पसरलेल्या होत्याच. नोटीस लागली. घरात मिरची भाजावी तर खाट उठते, म्हणजे खकाणा, आणि तो लिफ्टच्या मोकळ्या जागेतून वरच्या चार मजल्यांना खोकायला लावतो. माझ्या बाबतीत झालंय. वरून फोन आला होता.

त्यामुळे जे काम चाळीत फुकट आणि आपापसांत व्हायचं, ते सगळं आता या गल्लीने अंगावर घेतलंय. देठ खुडून मिळतात, ऊन दाखवून मिळतं, भाजून मिळतं. पूर्वी हे मागणारं गिऱ्हाईक म्हणजे मोठ्या ऑर्डरवाली. गिरणगावातल्या खानावळवाल्या बाया गिरणी कामगारांचे डबे करायच्या. याच बायांना कर्ज मिळावं म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि खाणारेच गेल्यावर खानावळी कुठून राहणार. मालक सांगतात की त्यांच्या वडिलांच्या वेळी दुकान खानावळींवर चाले. आता ते टॉवरमधल्या ३०० आणि ५०० चौरस फुटांच्या घरांवर चालतं.

आणि गिरणगाव सोडून गेलेल्यांवर. एप्रिलातल्या शनिवारी रांगेत उभं राहून विचारा, कुठून आलात? विरार, नालासोपारा, डोंबिवली, बदलापूर. कोणी भावांत वाटणी होऊन गेलेलं, कोणी नव्या इमारतीचा देखभाल खर्च झेपेना म्हणून खोली विकून. नातवाला पिशव्या धरायला आणतात आणि लोकलने चिंचपोकळी नाहीतर करी रोडला उतरतात. आमच्या जुन्या मजल्यावरच्या काकी मला दरवर्षी डंकासमोरच भेटतात. फोनवर आमचं बोलणं कधी होत नाही. गेल्या खेपेला त्यांच्या शेजारी वरळीच्या बीडीडी चाळींतल्या, म्हणजे ब्रिटिशांच्या काळातल्या सरकारी चाळींतल्या, एक बाई होत्या. तिथे १४ ऑगस्ट २०२५ ला पहिल्या ५५६ जणांना चाव्या मिळाल्या, १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचं घर. बाई खूश होत्या, फोटो दाखवत होत्या. "सगळं चांगलं आहे हो," म्हणाल्या, "पण वरती वारा इतका, की सुपातली मिरची समुद्रात जाईल." सगळ्या हसलो, मग शिंकलो.

या बाजाराचा जन्मच मुळी हुसकावून लावण्यातून झालाय. पेरू चाळीतला बाजार १९३२ मध्ये बंद पडला आणि कोळणी, भाजीवाले उघड्यावर आले. कायमची जागा मिळू दे म्हणून त्यांनी गणपतीला नवस केला, जागा मिळाली, आणि १९३४ मध्ये गणपती बसला. तोच लालबागचा राजा. दर्शनाला येणाऱ्या लाखोंपैकी किती जणांना ठाऊक असेल की हा मुळात बाजारवाल्यांच्या जागेचा नवस आहे?

म्हणून पुढचं जास्त टोचतं. गल्लीच्या आसपासच्या इमारतीही जुन्याच आहेत, आज ना उद्या त्यांचाही नंबर लागणार. दुकानदाराला नव्या इमारतीत गाळा मिळेल, कागदावर जेवढ्यास तेवढा. मी मालकांना हे बोलून दाखवलं तेव्हा त्यांनी डंकाकडे बोट केलं. "गाळा मिळेल हो. याला कुठे बसवू? वर माणसं राहणार, त्यांना दिवसभर ठोके चालतील? आणि मिरची वाळवू कुठे, पार्किंगच्या पोडियमवर?" गाळ्याच्या क्षेत्रफळात उन्हाचा तुकडा धरत नाहीत, मागच्या बोळातली भाजणीही नाही. मला वाटतं, बाजाराच्या पुनर्विकासाचा आराखडा करणाऱ्याने एप्रिलातली एक सकाळ इथे काढावी. मसाला करायला दिला तर आणखी बरं, तेवढा वेळ थांबावंच लागतं.

एक तारा कापलाय तो याच थांबण्याबद्दल. गर्दीच्या दिवशी चार-चार तास लागतात आणि बसायला एक बाकडं नाही. निवडणारी, भाजून घेणारी, रांगेत उभी असणारी जवळजवळ सगळी बायकामाणसं, त्यात साठीच्या पुढच्या निम्म्या, आणि दुकानात त्यांच्या सोयीचं म्हणाल तर पिण्याच्या पाण्याची एक बाटली, तीही मागितली तर. डंकावर बसणाऱ्या बाईच्या तोंडाला ओढणीऐवजी धड मास्क असावा असंही वाटतं. मी विचारलं तर तीच म्हणाली, मास्कमध्ये जीव गुदमरतो. घटीबद्दलही आधी बोलून घ्या. देठ जातात, भाजल्यावर ओल जाते, चाळणीत थोडी साल राहते. आणलेलं सगळं वजन परत मिळणार नाही, आणि शेवटी काट्याजवळ वाद घालून उपयोग नसतो.

जाणार असाल तर अक्षय्य तृतीयेच्या आधी जा आणि शनिवार-रविवार टाळा. मंगळवार-बुधवारी सकाळी दुकान उघडताना पोचलात तर दुपारी जेवायला घरी. गणपतीच्या दिवसांत त्या बाजूला मसाल्यासाठी फिरकू नका. गाडी आणू नका, २०११ पासून उड्डाणपूल वरून भुर्रकन नेतो पण खाली लावायला जागा नाही. गरम मसाला प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू देऊ नका, स्वच्छ सुती उशीचा अभ्रा न्या. घरी परातीत पसरून पूर्ण गार झाला की बरणीत भरा, हिंगाचा एक खडा तळाशी, एक वर. आणि नाक पुसायला जुना धोतराचा फडका घ्या, कागदी रुमाल तिथे दहा मिनिटंही टिकत नाही.