भरतीचे वेळापत्रक न पाहता आखलेली सहल : एका नियोजन सेवेचा अनुभव

समुद्रकाठच्या एका देखण्या शहरात तीन दिवस घालवायचे ठरले तेव्हा हाताशी वेळ कमी होता आणि बरोबर सत्तरीच्या सासूबाई येणार होत्या. त्यामुळे सगळी आखणी आम्ही एका ऑनलाइन नियोजन सेवेकडे सोपवली. प्रवासाची तिकिटे, हॉटेल आणि रोजचा तासागणिक कार्यक्रम एकत्र बांधून देणे हे तिचे काम. सेवेचे नाव मी मुद्दामच लिहीत नाही, कारण जी चूक पुढे सांगणार आहे ती याच व्यवसायातल्या इतरांच्या नमुना-कार्यक्रमांतही मला आढळली.

आधी चांगले ते सांगतो. आरक्षणे चोख होती, स्थानकावर गाडी वेळेवर हजर होती, दुपारच्या विश्रांतीचा विचार केलेला होता आणि पाऊस आलाच तर वस्तुसंग्रहालयाचा पर्यायही लिहून दिला होता. फोन केल्यावर माणूस बोलतो, यंत्र नाही, याचेही गुण द्यायला हवेत. शहराच्या बाबतीत मला तक्रारीला फारशी जागा नाही. तक्रार आहे ती समुद्राच्या बाबतीत, आणि आम्ही गेलो होतो समुद्रासाठी.

पहिल्या संध्याकाळी ‘किनाऱ्यावरून सूर्यास्त’ असा दीड तासाचा कार्यक्रम होता. तो किनारा पूर्वाभिमुख आहे. पाच वाजताच मागच्या टेकडीची सावली वाळूवर उतरली आणि सूर्य समुद्रात नव्हे, तर आमच्या पाठीमागे इमारतींच्या आड गेला. योगायोगाने त्या दिवशी पौर्णिमा होती. पौर्णिमेचा चंद्र साधारण सूर्यास्ताच्या सुमारासच पूर्वेला उगवतो, त्यामुळे थोड्याच वेळात समोरच्या पाण्यातून तांबूस चंद्र वर आला आणि आमचा दीड तास वाया गेला नाही. पण हे श्रेय पंचांगाचे आहे, कार्यक्रमपत्रिकेचे नाही.

खरा घोटाळा दुसऱ्या दिवशी झाला. शहरापासून जवळच एका खडकाळ बेटावर जुने दीपगृह आहे आणि ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या दगडी वाटेने तिथे चालत जाता येते. या सहलीचे आमचे मुख्य आकर्षण तेच होते. कार्यक्रमानुसार आम्ही साडेदहाला वाटेच्या तोंडाशी पोहोचलो, तर पहिल्या तीन पायऱ्या दिसत होत्या आणि चौथीवरून पाणी वाहत होते. शेजारच्या खांबावर शेवाळाची हिरवी रेघ माझ्या खांद्याच्या उंचीला होती. पाणी तिथवर चढायचे अजून बाकीच होते, कारण बंदरातल्या फलकाप्रमाणे पूर्ण भरती १२ वाजून १० मिनिटांनी होती.

समुद्राचे वेळापत्रक गुप्त नसते. बहुतेक किनाऱ्यांवर एका भरतीपासून पुढची भरती सुमारे १२ तास २५ मिनिटांनी येते, म्हणजे रोजची वेळ जवळजवळ ५० मिनिटांनी पुढे सरकते. पौर्णिमा आणि अमावास्येनंतर एकदोन दिवसांत उधाण असते. तेव्हा पाणी अधिक चढते आणि अधिक ओसरतेही. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती येते आणि हा फरक कमी होतो. भरतीच्या सहा तासांत पाणी एकाच वेगाने चढत नाही. ढोबळमानाने मधल्या दोन तासांतच निम्मे चढते, म्हणून ‘थोडा उशीर झाला तर चालेल’ हा हिशेब अशा वाटेवर धोक्याचा ठरतो. शिवाय प्रत्येक किनाऱ्याची तऱ्हा वेगळी असते. कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात पाण्याची पातळी सुमारे १६ मीटरपर्यंत वरखाली होते, तर भूमध्य समुद्राच्या बऱ्याचशा किनाऱ्यावर हा फरक सहजी लक्षातही येत नाही. आपण जाणार ते शहर यांपैकी कोणत्या जातीचे आहे, हे आखणी करणाऱ्याने हॉटेल ठरवण्याआधी पाहायला हवे.

मी तिथूनच फोन केला. त्यांनी दिलगिरी व्यक्त केली आणि तासाभरात सुधारित कार्यक्रम पाठवला. त्यात दीपगृह तिसऱ्या दिवशी ठेवले होते, वेळ तीच, सकाळी साडेदहा! एका दिवसात भरती केवळ १ वाजेपर्यंत सरकणार होती. वास्तविक अर्ज भरताना ‘या दहा दिवसांतल्या कोणत्याही तारखा चालतील’ असे मी स्पष्ट लिहिले होते. चार दिवस उशिरा निघालो असतो तर भरती दुपारी साडेतीनच्या सुमारास आली असती, ओहोटी सकाळी सव्वानऊच्या आसपास मिळाली असती, आणि उधाण ओसरू लागलेले असले तरी पाणी पुरेसे मागे गेलेले असते. पूर्ण आठवडा पुढे गेलो असतो तर ओहोटी थेट दुपारी आली असती, पण भांगामुळे वाट पूर्ण कोरडी झाली असती की नाही याची शंका होती. हा हिशेब कागदावर पाच मिनिटांचा आहे. त्यांनी तारखा निवडल्या त्या हॉटेलचे दर पाहून.

नौकाविहाराचेही तेच. दुपारी तीनची फेरी घेतली होती. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते आणि दुपारनंतर खारे वारे जोर धरतात, हे शाळेच्या भूगोलात शिकवलेले असते. सकाळी आरशासारखे दिसलेले पाणी तीनला चांगलेच उसळत होते आणि सासूबाईंना बोट लागली. सकाळच्या फेरीत जागा होत्या, हे धक्क्यावरच्या खिडकीत विचारल्यावर कळले. किल्ल्याचे ‘९०० मीटर पायी’ हे अंतर बरोबर होते, मात्र ते सगळे चढाचे आहे, हे कुठेही लिहिलेले नव्हते. अर्ध्यातून आम्ही रिक्षा केली.

एकंदरीत पाचपैकी अडीच गुण. ज्यांना शहर पाहायचे आहे त्यांनी ही सेवा घ्यायला हरकत नाही. समुद्राशी संबंधित काही करायचे असेल तर तारखा सेवेला ठरवू देऊ नयेत, भरतीचा तक्ता स्वतः पाहून त्या कळवाव्यात. तक्ता वाचताना त्यातली वेळ प्रमाणवेळ आहे का, हेही बघावे, कारण उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करणाऱ्या देशांत काही तक्त्यांत ती दुरुस्ती केलेली नसते.

परतल्यावर अभिप्रायाचा अर्ज आला. खोली, चालक, नाश्ता, तिकिटे अशा सगळ्यांवर प्रश्न होते. ‘इतर’ या रकान्यात मी भरतीच्या वेळा तारखांसह लिहून पाठवल्या. उत्तरादाखल पुढच्या सहलीसाठी सवलतीचे कूपन आले आहे.