एच५पी आणि ल्युमी: टेक्निकल रायटरच्या कामातील काही महिन्यांचा अनुभव

औद्योगिक यंत्रांची सर्व्हिस मॅन्युअल लिहिणे हे माझे रोजचे काम आहे. गेल्या काही महिन्यांपासून त्याच मॅन्युअलमधील मजकुरावरून सर्व्हिस इंजिनिअरांसाठी छोटे संवादी ऑनलाइन धडे तयार करण्याची जबाबदारीही माझ्याकडे आली असून, त्यासाठी मी एच५पी हे मुक्त स्रोत साधन ल्युमी या मोफत डेस्कटॉप संपादकातून वापरत आहे. धडा मोबाइलवर चालावा, चहाच्या सुट्टीत पुरा व्हावा आणि यंत्राची नवी आवृत्ती ग्राहकाकडे पोहोचण्याआधी तयार असावा, एवढीच मागणी होती. ज्यांच्यावर असेच काम येऊन पडले आहे, त्यांच्यासाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

एच५पीचा प्रकल्प नॉर्वेत सुरू झाला. वर्डप्रेस आणि ड्रूपल या संकेतस्थळे चालवणाऱ्या प्रणालींसाठी त्याचे प्लग-इन आहेत, आणि मूडल या ऑनलाइन शिक्षण-प्रणालीच्या मूळ संचात ते नोव्हेंबर २०१९ मधील ३.८ या आवृत्तीपासून समाविष्ट आहे. प्रश्नसंच, चित्रावरील हॉटस्पॉट (क्लिक केल्यावर माहिती दाखवणाऱ्या जागा), ड्रॅग अँड ड्रॉप, संवादी व्हिडिओ, स्लाइडचे सादरीकरण, शाखांमध्ये विभागलेला प्रसंग असे तयार साचे मिळतात. आपण फॉर्म भरावा तसा मजकूर भरायचा. कोड लिहावा लागत नाही. ल्युमी इंटरनेटशिवायही चालते आणि तयार धडा ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या एकाच एचटीएमएल फाइलमध्ये किंवा स्कॉर्म (शिक्षण-प्रणालीत धडे चढवण्याचे मानक) पॅकेज म्हणून काढून देते. एकाच फाइलचा पर्याय मला फार मोलाचा वाटतो, कारण ग्राहकाच्या कारखान्यात नेटवर्क नसले तरी इंजिनिअरच्या लॅपटॉपवर धडा उघडतो. मात्र सगळी चित्रे आणि व्हिडिओ त्याच फाइलमध्ये सामावले जात असल्याने व्हिडिओ मोठा असेल तर फाइलही तेवढीच जड होते.

सुरुवातीला सर्वांनाच संवादी व्हिडिओची भुरळ पडते. चालू व्हिडिओ ठरावीक सेकंदाला थांबतो, प्रश्न विचारतो आणि चुकीचे उत्तर आल्यास मागच्या भागाकडे परत पाठवतो. हे सर्व अर्ध्या दिवसात उभे राहते आणि बैठकीत दाखवले की पसंत पडते. टेक्निकल रायटरने मात्र धडा किती लवकर तयार होतो यापेक्षा तो किती लवकर दुरुस्त करता येतो, हे आधी पाहावे असे माझे ठाम मत झाले आहे. कंट्रोलरच्या स्क्रीनवरील एका मेनूचे नाव बदलले की व्हिडिओचा तो भाग पुन्हा चित्रित करावा लागतो, आवाज पुन्हा भरावा लागतो, आणि व्हिडिओची लांबी बदलल्यामुळे पुढचे सगळे प्रश्न नव्या वेळांवर सरकवावे लागतात. तोच मजकूर स्लाइड आणि स्थिर चित्रांच्या स्वरूपात असेल तर एक चित्र आणि एक ओळ बदलून काम संपते. म्हणून हाताची हालचाल दाखवणे खरोखर आवश्यक असेल, उदाहरणार्थ सील बसवताना लागणारा कोन किंवा बोल्ट आवळण्याचा क्रम, तेवढ्यापुरताच मी व्हिडिओ वापरते.

माझ्या कामात सर्वांत उपयोगी ठरला तो ब्रँचिंग सिनॅरिओ, म्हणजे शाखांमध्ये विभागलेला प्रसंग. मॅन्युअलमध्ये कृती क्रमाने लिहिलेल्या असतात, पण प्रत्यक्ष कामावर इंजिनिअरला निर्णय घ्यावे लागतात, आणि चुका बहुधा त्या निर्णयांच्या जागीच होतात. स्क्रू कंप्रेसरचा ऑइल सेपरेटर (दाबलेल्या हवेतून तेल वेगळे करणारा भाग) बदलण्याचा धडा घ्या. यंत्र बंद करा, वीजपुरवठा तोडून लॉक आणि टॅग लावा, दाब पूर्ण सोडा, तेल थंड होऊ द्या, मग झाकण उघडा, ही यादी सगळ्यांना तोंडपाठ असते. धड्यात मी दाब दाखवणाऱ्या गेजचा जवळून घेतलेला फोटो दाखवते. काटा शून्यावर आहे, पण दाब सोडण्याचा व्हॉल्व्ह अजून बंदच आहे. आता झाकणाचे बोल्ट सैल करायचे का? गेज अडकलेला असू शकतो, हे माहीत असूनही घाईत अनेकजण ‘होय’ निवडतात. त्या निवडीनंतर ‘चूक’ असा लाल शिक्का न दाखवता पुढे काय घडू शकते ते दाखवून त्यांना त्याच निर्णयाकडे परत आणता येते. बहुपर्यायी प्रश्नांच्या लांबलचक संचाने जे साधले नसते, ते अशा एका प्रसंगाने साधते.

या साच्यात फांद्या वाढू देण्याचा धोका आहे. प्रत्येकी तीन पर्यायांचे तीन प्रश्न एकापुढे एक ठेवले आणि वाटा कुठेही एकत्र आणल्या नाहीत, तर २७ वेगवेगळे शेवट होतात आणि त्यांतील प्रत्येकाचा मजकूर सांभाळावा लागतो. दुसऱ्या शाखेकडे उडी मारण्याची सोय दिलेली आहे. ती वापरून चुकीच्या वाटा एक-दोन पायऱ्यांत मूळ वाटेवर आणाव्यात. मी आधी कागदावर आराखडा काढते आणि त्यानंतरच संपादक उघडते.

कृतींचा क्रम लावून घेण्यासाठी ‘सॉर्ट द पॅराग्राफ्स’ हा प्रकार चांगला आहे, पण त्यातील गुणांकनाची निवड लक्षपूर्वक करावी. गुण जागेनुसार दिले तर अगदी वरची एक पायरी खाली गेल्याने बाकीच्या सगळ्या पायऱ्या एकेक जागा सरकून चुकीच्या ठरतात. एका पायरीनंतर योग्य पायरी आली का, यावर गुण दिले तर शिकणाऱ्याला जेवढे कळले आहे तेवढे श्रेय मिळते. कृतीच्या प्रशिक्षणासाठी दुसरी पद्धतच न्याय्य आहे.

मराठीत धडे करणाऱ्यांनी गाळलेल्या जागांच्या प्रकाराबाबत विशेष सावध राहावे. उत्तर दोन तारकाचिन्हांच्या मध्ये लिहायचे, पर्यायी उत्तरे तिरप्या रेघेने वेगळी करायची आणि इशारा द्यायचा असल्यास विसर्गचिन्हासारख्या दोन टिंबांनंतर लिहायचा, एवढी सोपी रचना आहे. परंतु तुलना अक्षरशः होते. वाल्व, व्हॉल्व्ह, वॉल्व ही सगळी रूपे शॉप फ्लोअरवर चालतात, ७.५ हा आकडा कोणी देवनागरीत लिहितो तर कोणी इंग्रजी अंकांत; आणि ‘दुसऱ्या’ या शब्दातील र वेगवेगळ्या कीबोर्डवर वेगवेगळ्या संकेतांकांनी उमटत असल्याने पडद्यावर तंतोतंत सारखी दिसणारी उत्तरेही वेगळी ठरू शकतात. किरकोळ शुद्धलेखनाच्या चुका स्वीकारण्याचा पर्याय आहे, त्यात लहान उत्तराला एक आणि मोठ्या उत्तराला दोन चुकांची सूट मिळते. जेथे उत्तर दाबाचा किंवा टॉर्कचा (बोल्ट आवळण्याच्या जोराचा) आकडा आहे तेथे ही सूट बंदच ठेवावी, कारण तेथे एका अंकाची चूक किरकोळ नसते. मी आता शब्दांसाठी गाळलेल्या जागा वापरत नाही. पर्याय समोर ठेवून ते ओढून बसवायला सांगते. बटणांवरील मजकूर मात्र प्रत्येक घटकात बदलता येतो, त्यामुळे ‘तपासा’, ‘पुन्हा प्रयत्न करा’, ‘उत्तर दाखवा’ असे शब्द देऊन धडा संपूर्ण मराठीत ठेवता येतो, आणि अनुभवी तंत्रज्ञांना त्याने खरोखर बरे वाटते.

प्रमाणपत्राच्या परीक्षेसाठी हे साधन वापरू नये, हे स्पष्टपणे सांगायला हवे. उत्तरे तपासण्याचे काम शिकणाऱ्याच्या ब्राउझरमध्येच होते, म्हणजे बरोबर उत्तरेही धड्यासोबत त्याच्याकडे पोहोचलेली असतात आणि थोडी तांत्रिक जाण असलेला माणूस ती पाहू शकतो. सरावासाठी याने काहीच बिघडत नाही. पात्रता ठरवायची असेल तर पर्यवेक्षकासमोर प्रत्यक्ष यंत्रावर काम करून घ्यावे. स्कॉर्म १.२ वापरणाऱ्यांनी आणखी एक मर्यादा लक्षात ठेवावी: अर्धवट सोडलेल्या धड्याची स्थिती साठवण्यासाठी त्या मानकात ४०९६ अक्षरांचीच जागा आहे, म्हणून एका लांब धड्यापेक्षा चार छोटे धडे बरे. सर्व प्रकार स्क्रीन रीडरसाठी (अंध व्यक्तींना पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणाऱ्या साधनासाठी) सारखे अनुकूल नाहीत. कोणते आहेत याची यादी एच५पीने प्रसिद्ध केलेली आहे आणि साचा निवडण्यापूर्वीच ती पाहावी.

मला सर्वाधिक उणीव जाणवते ती समीक्षेच्या सोयीची. मॅन्युअलचा प्रत्येक बदल अभियांत्रिकी विभागाकडून तपासून घेण्याची आम्हाला सवय आहे, पण ल्युमीमध्ये टिप्पणी करणे किंवा जुनी आवृत्ती नव्याशी ताडून पाहणे शक्य नाही. यावर मार्ग आहे. एच५पी फाइल ही मुळात झिप फाइल असते. ती उघडली की धड्याचा सगळा मजकूर ‘कंटेंट’ फोल्डरमधील एका जेसन (साध्या मजकूर स्वरूपाच्या) फाइलमध्ये आणि चित्रे शेजारच्या फोल्डरमध्ये सापडतात. हे फोल्डर आम्ही मॅन्युअलच्याच गिट (बदलांची नोंद ठेवणारी प्रणाली) भांडारात ठेवतो, त्यामुळे कोणते वाक्य कधी आणि कोणी बदलले ते दिसते. स्क्रीनचे चित्र बदलले असेल तर त्याच नावाचे आणि त्याच मापाचे नवे चित्र जुन्याच्या जागी ठेवून फाइल पुन्हा बांधली की पुरते, एकेक स्लाइड उघडावी लागत नाही. फक्त झिप करताना बाहेरचा फोल्डर न घेता आतील सामग्री घ्यावी आणि फोल्डरांच्या स्वतंत्र नोंदी टाळाव्यात. त्या राहिल्या तर फाइल स्वीकारली जाईलच याची खात्री नसते.