नाव ‘आय७’चं, आत कोअर दोनच: जुन्या लॅपटॉपच्या खरेदीत झालेली फसवणूक

मुलांच्या कॉलेजसाठी जुना, कंपनीतून निघालेला लॅपटॉप घ्यायचा विचार करत असाल तर पैसे देण्याआधी हे वाचा. माझ्या भाचीला जे मशीन विकलं गेलं, त्यात लबाडी इतकी बेमालूम केली होती की सेटिंग्ज उघडून खात्री करणाऱ्यालाही संशय येऊ नये.

भाचीला नाशिकला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली. ताईने रिकरिंगचे ३५ हजार बाजूला ठेवले होते. “तूच बघून घे रे, आमच्याकडे कोणाला त्यातलं कळत नाही,” असं म्हणून तिने ते माझ्या हाती दिले. तेवढ्या पैशात दोन पर्याय होते. एक, इंटेलच्या आय३-१२१५यू प्रोसेसरचा नवा कोरा लॅपटॉप, ८ जीबी रॅम, प्लॅस्टिकची बॉडी, फिकट स्क्रीन, पण वर्षाची वॉरंटी. दुसरा, २८ हजारांत लेनोवोचा जुना थिंकपॅड टी४८०, आठव्या जनरेशनचा म्हणजे इंटेलच्या चिपच्या आठव्या पिढीचा, आय३पेक्षा वरच्या श्रेणीचा आय७, १६ जीबी रॅम. नवा असताना हा दुसरा तिच्या आवाक्यात कधीच आला नसता. त्याचा कीबोर्ड आजही नव्या स्वस्त लॅपटॉपपेक्षा सरस आहे, रॅमचे दोन्ही स्लॉट उघडून बदलता येतात, बाहेरची बॅटरी खटका सरकवून निघते. अँड्रॉइड स्टुडिओसारखं सॉफ्टवेअर चालवायचं तर ८ जीबीत जीव गुदमरतो. म्हणून आम्ही जुन्याकडे वळलो, आणि तो विचार मला आजही बरोबरच वाटतो. खोट मशीन विकणाऱ्याच्या व्यवहारात होती.

दुकान बरंच मोठं होतं. भिंतीला लागून लॅपटॉपच्या चळती, काउंटरवर पुसायचं लिक्विड आणि नव्या स्टिकरचे रोल. “साहेब, बँकेतून निघालेला लॉट आहे. एट्थ जेन आय-सेव्हन, डोळे झाकून घ्या,” असं मालकाने सांगितलं. व्हॉट्सॲपवर आधी फोटो पाठवला होता, त्याखालीही “टी४८०, एट्थ जेन” असं लिहिलेलं होतं. मी सेटिंग्जमधलं ‘अबाउट’चं पान उघडलं. प्रोसेसर आय७-८६५०यू, रॅम १६ जीबी, विंडोज ११ प्रो. स्क्रीनच्या चौकटीवर टी४८० लिहिलेलं. बिल मात्र एका ओळीचं होतं: “लॅपटॉप आय-सेव्हन, १ नग.” जनरेशन आणि सीरियल नंबर टाका म्हटलं, तर म्हणाला, “सगळं मशीनवर दिसतंच की साहेब, आमच्या सॉफ्टवेअरमध्ये तेवढी जागाच नाही.”

पहिली सेमिस्टर अर्ध्यावर आली आणि भाचीचा फोन आला. “मामा, आय-थ्रीवाल्यांचं प्रोजेक्ट माझ्याआधी बिल्ड होतंय. माझा नुसता फॅन ओरडतो.” तिच्या हॉस्टेलवरच्या एका सीनियर मुलीने टास्क मॅनेजर (मशीनवर काय काय चाललंय ते दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडला, ‘परफॉर्मन्स’च्या टॅबवर गेली आणि तिथे चोरी सापडली. वर नाव आय७-८६५०यू आणि खाली कोअर, म्हणजे चिपमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग, २ आणि लॉजिकल प्रोसेसर, म्हणजे विंडोजला दिसणारे कामकरी, ४. खऱ्या ८६५०यूमध्ये ४ कोअर आणि ८ लॉजिकल प्रोसेसर असतात. नाव रंगवता आलं, पण कोअरची मोजणी रंगवायची राहिली होती.

मग मशीन बंद करून चालू केलं आणि लोगो दिसताच एफ१ दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये, शिरलो. पहिल्याच पानावर खरं नाव होतं: थिंकपॅड टी४७०, प्रोसेसर आय७-६६००यू. म्हणजे सहावी जनरेशन, २०१५ सालची चिप. टी४७० आणि टी४८० दिसायला इतके सारखे आहेत की चौकटीवरचं नाव बदललं की काम भागतं. खऱ्या टी४८०चा मशीन टाइप (कंपनीचा मॉडेल कोड) २०एल५ किंवा २०एल६ ने सुरू होतो. इथे तसं काही नव्हतं.

सेटिंग्जमधलं नाव कसं बदललं, हे समजून घ्या, कारण हीच युक्ती इतरत्रही चालते. प्रोसेसरचं नाव विंडोज स्वतःच्या रजिस्ट्रीत (सेटिंग्जच्या नोंदवहीत) लिहून ठेवतं आणि ‘अबाउट’चं पान ते तिथून दाखवतं. मशीन सुरू होताना ते नाव चिपवरून पुन्हा लिहिलं जातं, त्यामुळे एकदा खोडून भागत नाही. या माणसाने टास्क शेड्युलरमध्ये, म्हणजे ठरलेली कामं आपोआप करणाऱ्या विंडोजच्या भागात, एक छोटं काम लावून ठेवलं होतं. लॉगिन झालं रे झालं की ते खोटं नाव परत चिकटवायचं. जुन्या गाडीचं मीटर मागे फिरवतात, तसाच हा प्रकार. फक्त इथे मीटर रोज सकाळी नव्याने फिरत होतं.

एवढा खटाटोप दोन जनरेशनसाठी कशाला, असं वाटेल. कारण फरक नुसत्या आकड्याचा नाही. लॅपटॉपच्या या ‘यू’ वर्गात (नंबराच्या शेवटी ‘यू’ असलेल्या, कमी वीज खाणाऱ्या चिपांत) सातव्या जनरेशनपर्यंत आय७ असला तरी आत दोनच कोअर असायचे. २०१७ मध्ये आठव्या जनरेशनला ते चार झाले. त्यात मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ साठी इंटेलची रेघ साधारण आठव्या जनरेशनवर ओढली, आणि विंडोज १०चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे सहावी-सातवी जनरेशन विकायला अवघड होणार, हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक आहे. तपासणी टाळून त्यावर विंडोज ११ बसवता येतं, आमच्याही मशीनवर तसंच बसवलेलं होतं. मात्र अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

दुकानात गेलो तेव्हा मालकाचा सूर बदललेला होता. “बिलावर आय-सेव्हन आहे आणि दिलाय तोही आय-सेव्हनच. खोटं काय त्यात?” एका मुलीच्या शिक्षणाचे पैसे खाऊन हा माणूस डोळ्याला डोळा देऊन असं बोलत होता, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. दुसरा लॅपटॉप घ्या, नाहीतर १२ हजारांची क्रेडिट नोट घ्या, एवढंच तो म्हणत राहिला. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्याचा व्हॉट्सॲप मेसेज, टास्क मॅनेजरचा आणि बायोसचा फोटो जोडला. जिल्हा ग्राहक आयोगात जाणार, हेही लेखी कळवलं. त्यानंतर ‘वापरलेलं मशीन’ म्हणून ५ हजार कापून त्याने बाकीचे परत केले. बिलाने साथ दिली नव्हती, त्या एका मेसेजने दिली. तेव्हा सौदा ठरतानाचं बोलणं फोनवर झालं तरी नंतर मेसेजमध्ये लिहून घ्या: मॉडेल, प्रोसेसरचा पूर्ण नंबर, रॅम, डिस्क.

याचा अर्थ डोळे मिटून नवा घ्या असा नाही. नव्या खोक्यातही सापळे असतात. सेलेरॉन एन४०२० सारखी दोन कोअरची चिप, बोर्डावरच जोडलेली ४ जीबी रॅम आणि ६४ जीबीची ईएमएमसी (डिस्कच्या जागी वापरलेली स्वस्त, मंद साठवण) असलेला नवा लॅपटॉप घेऊन इंजिनिअरिंग करायचं म्हणजे पोराला चार वर्षांची शिक्षा. त्यापेक्षा खराखुरा आठव्या जनरेशनचा आय५ केव्हाही बरा. पण तो खराखुरा आहे की नाही, हे दुकानदाराच्या विंडोजवरून ठरवू नका. बायोस उघडायला लावा. “ऑफिसचं मशीन आहे, बायोसला पासवर्ड आहे” असं उत्तर आलं तर तिथूनच परत फिरा. थिंकपॅडचा सुपरवायझर पासवर्ड विसरला तर कंपनी मदरबोर्ड बदलायला सांगते, म्हणजे पुढे ती कटकट तुमच्या गळ्यात. सीरियल नंबर बायोसमधला घ्या, बुडाच्या स्टिकरवरचा नको, आणि कंपनीच्या वेबसाइटवर वॉरंटी कधी सुरू झाली ते पाहा. मशीनचं वय तिथे उघडं पडतं. कमांड प्रॉम्प्टमधून बॅटरी रिपोर्ट काढून मूळ क्षमता आणि आताची क्षमता ताडून बघा. दुकानदाराने याला नाक मुरडलं तरी तुम्ही उठू नका.

भाचीसाठी शेवटी आम्ही नवा आय३ घेतला, ८ जीबीची आणखी एक पट्टी टाकून. जुना चांगला मिळाला असता तर मला तोच आवडला असता, पण तिचं सबमिशन तोंडावर होतं आणि पुन्हा दुकानं धुंडाळायला वेळ नव्हता.

ज्यांनी आधीच असा लॅपटॉप घेतलाय त्यांनी आज टास्क मॅनेजरमधले कोअर मोजा आणि त्या चिपचा नंबर इंटेलच्या साइटवर टाकून जुळतात का पाहा. जुळत नसतील तर घाईने फॉरमॅट मारू नका आणि ‘नवीन विंडोज टाकून देतो’ म्हणणाऱ्या दुकानदाराच्या हातीही मशीन देऊ नका. शेड्युलरमधलं ते काम हाच पुरावा आहे, फॉरमॅटमध्ये तो पुसला जातो. आधी सगळ्याचे फोटो काढा, सेटिंग्जचं आणि बायोसचं पान शेजारी ठेवून व्हिडिओ करा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, स्वतः राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात दाद मागता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही.