वाचनालयाच्या काउंटरवर टर्बो ड्राइव्ह

ज्यांचं वेब अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरवरच एचटीएमएल तयार करतं, त्यांनी सगळं ब्राउझरमध्येच पान उभारणाऱ्या रिअ‍ॅक्टमध्ये नव्याने लिहायच्या आधी टर्बो ही जावास्क्रिप्ट लायब्ररी बसवून बघावं. आमच्या सार्वजनिक वाचनालयाची देवघेव जँगोवर (पायथनमधलं वेब फ्रेमवर्क) चालते आणि तिची देखभाल मी करते. काउंटरवरच्या ताई दिवसभर यादी, पुस्तक, सभासद, परत यादी अशा फिरत असतात. पूर्वी दर क्लिकला पान पांढरं पडून पुन्हा उभं राहायचं. आता ते होत नाही.

बेसकॅम्प या सॉफ्टवेअर कंपनीच्या मंडळींनी २०२० च्या डिसेंबरात हॉटवायर हा साधनांचा संच आणला, टर्बो हा त्यातला भाग. पूर्वी रेल्ससोबत (रुबीमधलं वेब फ्रेमवर्क) येणाऱ्या टर्बोलिंक्सचा हा वारस, पण रेल्स असायलाच हवं असं नाही. स्क्रिप्ट जोडली की आपल्याच साइटच्या लिंकवरचा क्लिक टर्बोतलं टर्बो ड्राइव्ह अडवतं, पुढचं पान पाठीमागून मागवतं, बॉडी (पानाचा दिसणारा भाग) बदलतं आणि वरचा पत्ताही बदलतं. सीएसएस, जावास्क्रिप्ट पुन्हा उघडून वाचावी लागत नाही, वेळ वाचतो तो तिथे. तुमची डेटाबेस क्वेरीच संथ असेल तर मात्र ५०० मिलिसेकंदांनी वर निळी पट्टी सरकताना दिसेल, बाकी फरक पडणार नाही.

मला सगळ्यात आवडलं ते मागे जाणं. पान सोडताना टर्बो त्याची प्रत जपून ठेवतं. बॅक दाबलं की लांबलचक यादी जिथे सोडली होती तिथेच, तत्काळ. पण हीच प्रत काउंटरवर धोक्याची. पुस्तक नुकतंच कुणाला दिलं आणि बॅकने त्याच्या पानावर आलं, तर जुन्या प्रतीत ते अजून 'उपलब्ध' असतं. 'नो-प्रिव्ह्यू' मेटा टॅग (नवं पान येईपर्यंत जुनी प्रत दाखवू नको, असं सांगणारा) इथे पुरत नाही, कारण बॅकला तो लागू होत नाही. पुस्तकाच्या आणि सभासदाच्या पानांवर 'नो-कॅश'च (प्रत ठेवूच नको) हवं. यादीला कॅश असू द्यावा.

फॉर्मचं तसंच. जँगो चुकीचा फॉर्म २०० ('सगळं ठीक') स्टेटसने परत देतं आणि टर्बो तो दाखवतच नाही. ४२२ ('भरलेली माहिती चुकली') दिलं की लाल अक्षरातल्या सूचना नीट दिसतात. डीओएमकंटेंटलोडेड (पान तयार झाल्याची ब्राउझरची खूण) एकदाच घडतं, म्हणून तारखेचं कॅलेंडर, बारकोडचा कोड वगैरे टर्बो-लोडवर (दर पानाला मिळणारी टर्बोची खूण) हलवावं लागतं. विंडो जिवंत राहते, त्यामुळे सुरू केलेले टायमर पान बदललं तरी चालूच राहतात. ते बंद करणं आपलं काम. जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीतला जुना कोड भरपूर असेल तर खरी मेहनत इथेच.

आवृत्ती ८ पासून लिंकवर माउस थबकला की टर्बो ते पान आधीच मागवून ठेवतं. चपळाई जाणवते. वार्षिक अहवालासारख्या जड पानांच्या लिंकवर मी ते बंद ठेवलंय, आणि साध्या लिंकवरून काही पुसण्या-बदलण्याची सोय कुणी केली असेल तर ती आधी फॉर्ममध्ये न्यावी, नाहीतर नुसता माउस थबकला तरी ते घडून जाईल.

स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांचा विचार वेगळा करायलाच हवा. पूर्ण पान लोड झालं की स्क्रीन रीडर नवं शीर्षक आपणहून वाचतो. इथे ब्राउझरच्या लेखी पान तेच असतं, म्हणून तो गप्प राहतो. मी एक अदृश्य 'aria-live' पट्टी (तिच्यातला बदल स्क्रीन रीडर वाचतो) ठेवून टर्बो-लोडला तिच्यात शीर्षक भरते आणि फोकस मुख्य मथळ्यावर नेते. चार-पाच ओळींचा कोड आहे, टर्बो बसवाल त्याच दिवशी तोही घाला.