लेव्होडोपा आधी की प्रॅमिपेक्सोल?

बाबांची सही जुळत नाही म्हणून बँकेने चेक दोनदा परत पाठवला. अक्षर मुंगीएवढं झालं होतं आणि ओळीच्या शेवटाकडे आणखी बारीक होत गेलं होतं. परळच्या न्यूरॉलॉजिस्टने पार्किन्सन्सचं निदान केलं, कागदावर दोन औषधांची नावं लिहिली आणि म्हणाले, "सुरुवात कशानेही करता येईल. घरी बोलून घ्या." मुलुंडला पोचेपर्यंत आमचं काही ठरलं नव्हतं. संध्याकाळी शेजारचे काका आईला म्हणाले, "वहिनी, ती लेव्होडोपा एवढ्यात नको हं. आताच वापरली तर पुढे काय देणार?"

हा सल्ला अजून बऱ्याच घरांत ऐकू येतो. एकेकाळी डॉक्टरही तसंच सांगत.

या आजारात मेंदूतलं डोपामाइन, म्हणजे हालचाली नीट होण्यासाठी लागणारं रसायन, कमी पडतं. लेव्होडोपा मेंदूत जाऊन डोपामाइन बनते. तिच्या जोडीला गोळीत कार्बिडोपा असते, म्हणजे वाटेतच तिचं डोपामाइन होत नाही आणि मळमळ कमी होते. आपल्याकडे सिंडोपा या नावाने ती बहुतेकांना माहीत आहे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस हे औषध आलं. लक्षणांवर याहून गुणकारी गोळी अजून मिळालेली नाही. खोट एकच. काही वर्षांनी एका गोळीचा असर पुढच्या गोळीपर्यंत पुरेनासा होतो आणि हातपाय आपोआप वळवळू लागतात, म्हणजे डिस्किनेशिया. याच धास्तीने नव्वदच्या दशकापासून आधी प्रॅमिपेक्सोल किंवा रोपिनिरोल देण्याची पद्धत पडली. ही औषधं डोपामाइनची नक्कल करतात.

आता वारं पुन्हा फिरलंय. २०१४ साली ब्रिटनमधला पीडी मेड हा १,६२० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लेव्होडोपाने सुरुवात केलेल्यांची हालचाल थोडी, पण वर्षानुवर्षं टिकून चांगली राहिली. वळवळ त्यांच्यात जास्त दिसली, हेही खरं. २०१९ मध्ये नेदरलँड्समध्ये ४४५ जणांपैकी निम्म्यांना लेव्होडोपा लगेच दिली, उरलेल्यांना ४० आठवडे थांबवून. ८० आठवड्यांनी दोन्ही गट सारखेच होते. लवकर घेतल्याने आजार वाढत नाही आणि थांबतही नाही. म्हणजे गोळी राखून ठेवून काकांच्या हाती काही लागणार नव्हतं, आणि बाबांचे ते दिवस मात्र फुकट गेले असते.

प्रॅमिपेक्सोलच्या बाजूने बोलायचं तर डिस्किनेशिया उशिरा येतो आणि दिवसातून एकदाच घ्यायची गोळीही मिळते. पण डोस आठवडे घेत हळूहळू वाढवावा लागतो. पायांवर सूज येते, दुपारी बसल्या बसल्या डोळा लागतो, वयस्कर माणसाला नसलेली माणसं दिसू लागतात. यापेक्षा वाईट म्हणजे मनावरचा लगाम सुटतो. जुगार, अचाट खरेदी, सतत खाणं, कामवासना. अमेरिका-कॅनडातल्या ३,०९० रुग्णांच्या पाहणीत अशी औषधं घेणाऱ्यांपैकी १७ टक्क्यांना हा त्रास होता, न घेणाऱ्यांत सुमारे ७ टक्क्यांना. रुग्ण स्वतःहून हे सांगत नाही. डॉक्टरांनीही विचारलं नाही, तर कळायला घर गहाण पडावं लागतं.

राहिलेल्या गोळ्यांपैकी रासाजिलिन सौम्य आहे, लक्षणं अगदी थोडी असतील तर बरी. ट्रायहेक्सिफेनिडिल ही थरथरीवरची जुनी, स्वस्त गोळी. सत्तरीच्या माणसाला ती कुणी लिहून दिली तर मी दोनदा विचारेन. तिने विसराळूपणा आणि गोंधळ वाढतो, लघवी अडते, बद्धकोष्ठ होतो.

बाबा ७१ वर्षांचे. आम्ही लेव्होडोपा घेतली. पहिला महिना काही दिवस गुण यायचा, काही दिवस नाही. आईच्या लक्षात आलं की गोळी दुधाच्या पेल्यासोबतच जात होती. प्रथिनं आणि ही गोळी आतड्यात एकाच वाटेने शोषली जातात. आता गोळी सात वाजता पाण्याबरोबर, दूध-पोहे पावणेआठला. हा बदल केल्यावर तिसऱ्या आठवड्यात कॉलरचं बटण बाबांनी स्वतः लावलं, आईला हाक न मारता.

साठीच्या पुढे, पडण्याची भीती किंवा विसराळूपणा असेल तर माझं मत सरळ लेव्होडोपाकडे. पन्नाशीच्या आतल्या माणसाला वळवळीचा धोका जास्त, त्यामुळे तिथे प्रॅमिपेक्सोलचा विचार व्हावा. मात्र पूर्वी जुगाराचा किंवा दारूचा नाद असेल, अथवा रोज गाडी चालवायची असेल, तर नको. कुठलीही गोळी मनाने एकदम बंद करू नका. आणि चक्कर-उलटीवर केमिस्ट परस्पर देतो त्या प्रोक्लोरपेराझिन किंवा मेटोक्लोप्रामाइडच्या गोळ्यांपासून दूर राहा, त्या डोपामाइनलाच अडवतात.

माझ्या ४६ वर्षांच्या मित्राने प्रॅमिपेक्सोल घेतली आणि त्याचं उत्तम चाललंय. बायकोने त्याच्या खात्याचे मेसेज स्वतःच्या फोनवरही येतील अशी सोय करून घेतलीय. तो कुरकुरतो. परवा एकाच दिवशी तीन मिक्सरांची ऑर्डर दिसली, तेव्हा तिने डॉक्टरांना फोन लावला. डोस कमी झाला, दोन मिक्सर परत गेले.