गुडघ्याची पावडर: गुण येतो, गोम तिथेच आहे

फेसबुकवर गुडघेदुखीच्या ‘आयुर्वेदिक’ पावडरीची जाहिरात सध्या घरोघरी दिसते. नावाजलेले डॉक्टर व्हिडिओत छातीठोकपणे सांगतात, ऑपरेशनची गरजच नाही. ओठांकडे नीट बघितलं तर ते आवाजाशी जुळत नाहीत. आपल्या चेहऱ्यावर कोण धंदा करतंय, हे त्या डॉक्टरांच्या गावीही नसतं. माझ्या आईने त्या जाहिरातीखाली फक्त नाव आणि मोबाइल नंबर भरला. चहा गाळून होईपर्यंत फोन आला.

आईला जिंकलं ते व्हिडिओने नाही, फोनवरच्या मुलीने. “मावशी, जिना चढताना जास्त दुखतं की उतरताना? सकाळी गुडघा आखडतो का?” हाडांच्या डॉक्टरांकडे अर्धा दिवस बसून पाच मिनिटं मिळतात. ही पोरगी निवांत ऐकून घेत होती. मग रोजचं ‘शुभ सकाळ’, अधूनमधून चौकशी, आणि व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपमध्ये भरती. ग्रुपच्या नावात ‘परिवार’ होता, आणि खरं सांगायचं तर आईला तिथे करमतही होतं.

पार्सल आलं. डब्यात तपकिरी पावडर, झाकण उघडताच सुंठीचा वास. सोबत साध्या पाकिटात ‘रात्रीच्या’ कॅप्सूल, त्यावर नाव ना गाव. डब्यावर नंबर होता तो चौदा आकडी, एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा. म्हणजे कागदोपत्री हा खाद्यपदार्थ! आयुर्वेदिक औषध असेल तर उत्पादन परवान्याचा नंबर, बॅच नंबर आणि घटकांची यादी छापावी लागते. इथे ‘दुर्मिळ वनस्पती’ एवढ्यावर भागवलं होतं.

आणि गुण आला. थोड्याच दिवसांत आई मंडईत चालत जायला लागली, दोन घास जास्त जेवायला लागली. तिने स्वतःहून ग्रुपवर आवाजी निरोप टाकला, “मला बारा आणे फरक आहे.” तो ऐकून आणखी कितीजणांनी डबे मागवले असतील कोण जाणे. आपण समजतो की असल्या ग्रुपमधले अनुभव भाड्याने बोलवून घेतलेले असतात. यातले बरेच खरे असावेत. माणसं खरी, दुखणं खरं, पडलेला फरकही खरा. फक्त ते सगळे पहिल्या महिन्यातले. पुढचं कुणी लिहिलं की ॲडमिन त्याला काढून टाकतो. एका काकांनी “शुगर वाढली” असं लिहिलं, ते संध्याकाळपर्यंत ग्रुपमध्ये नव्हते.

आईचा चेहरा गोल, गुबगुबीत झाला. नातेवाईक म्हणाले, तब्येत सुधारली! पाय सुजले. कॉटचा कोपरा नुसता लागला तरी हातावर जांभळे डाग उठायचे. आमच्या फिजिशियननी तिच्याकडे बघताच विचारलं, “कुठली पुडी चालू आहे?” शुगर आणि बीपी दोन्ही वाढलेलं, सकाळच्या रक्तातलं कॉर्टिसोल, म्हणजे शरीर स्वतःच बनवतं ते स्टेरॉइड, अगदी कमी. सगळी लक्षणं स्टेरॉइडची. डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडं तशी चांगली औषधं आहेत, पण देखरेखीखाली. अशी लपवून महिनोन्‌महिने पोटात गेली की दुखणं दबतं, शुगर चढते, हाडं ठिसूळ होतात, आणि शरीर स्वतःचं कॉर्टिसोल बनवणं सोडून देतं.

पैशांचं थोडक्यात सांगतो. सहा महिन्यांच्या ‘कोर्स’चे साडेअकरा हजार आगाऊ घेतले होते. परत मागितले तर म्हणे, आधी जीएसटी भरा, मग रिफंड. हा दुसरा गळ. तो गिळला नाही. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि उरलेला डबा अन्न व औषध प्रशासनाकडे दिला. संधिवात, मधुमेह बरा करण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करायला 1954 च्या कायद्यानेच बंदी आहे. मोबाइलच्या पडद्यापर्यंत तो कायदा काही पोचलेला दिसत नाही.

फोनवर ‘डॉक्टर मॅडम’ आल्या तर नोंदणी क्रमांक विचारा. 2020 च्या टेलिमेडिसिन (फोन-व्हिडिओवरून उपचार) नियमांनुसार चिठ्ठीवर तो द्यावाच लागतो. आमच्या मॅडमनी “मावशी, विश्वास नाही का?” असं विचारून फोन ठेवला होता.

आणि घरात असला डबा चालू असेल तर संतापाने कचऱ्यात टाकू नका. स्टेरॉइड एकदम तुटलं तर उलट्या, गळाठा, बीपी घसरणं, प्रसंगी जिवावर बेतणं, असं काहीही होऊ शकतं. डबा, कॅप्सूल, पाकीट, सगळं घेऊन त्याच दिवशी फिजिशियनकडे जा आणि किती महिने चालू आहे ते न लाजता सांगा. आईला आता त्याच जातीची गोळी मोजून मापून देतात, आणि डोस हळूहळू उतरवताहेत. गुडघा पुन्हा दुखतोय.