नव्या टेबलांसाठी माणसं: बचत गट की परड्यातली काकी?

कुडाळ-सावंतवाडी पट्ट्यात शेतकरी बाजार उभा केला की दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात हा प्रश्न येतोच. पहिले उत्साही विक्रेते पांगतात आणि नवे आणायचे कुठून, हे सुचत नाही. आम्ही दोन्ही वाटा चालून पाहिल्या. एक, ग्रामसंघामार्फत, म्हणजे गावातल्या बचत गटांच्या संघामार्फत, गटांना बोलावणं. दुसरी, वाडीवाडीत फिरून एकेका शेतकऱ्याला, खरं तर बहुतेक वेळा शेतकरणीला, गाठणं. घाट उतरून येणारी कोल्हापूर-बेळगावची भाजी विकणाऱ्याला टेबल देणं ही तिसरी वाट, पण त्यासाठी आठवडा बाजार आहेच की.

गटांची वाट सोपी आहे, हे आधी कबूल करतो. उमेद, म्हणजे राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान, त्याच्या सीआरपी ताईंना (गावात गटांचं काम पाहणाऱ्या कार्यकर्तीला) एक फोन केला, गटाच्या बैठकीत दहा मिनिटं बोललो, आणि पुढच्या आठवड्यात चार टेबलं भरली. गटाचं बँकेत खातं असतं, हिशेबाची वही असते. पिठं, लोणची विकणाऱ्यांनी अन्न परवान्याची साधी नोंदणीही बहुधा केलेली असते. मुख्य म्हणजे ‘येतो’ म्हटलं की कोणीतरी येतंच.

पण हे ‘कोणीतरी’च मला नडलं. गटात पाळी असते. या आठवड्यात एक, पुढच्या आठवड्यात दुसरी. घरचं सांभाळून बाजार करायचा तर त्यांनी दुसरं काय करावं, हेही खरं. आमच्याकडे एक निवृत्त गुरुजी नेमाने यायचे. एका शनिवारी त्यांनी गटाच्या टेबलावरून गावठी वालीच्या शेंगा नेल्या आणि पुढच्या खेपेला तशाच मागितल्या. टेबलामागची बाई म्हणाली, “माका खंय म्हायत? ता तिचा. ती फुडच्या शनवारी येतली.” पुढच्या शनिवारी ‘ती’ लग्नाला गेलेली आणि तिसरीच बसलेली. तिच्याकडे फक्त आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस. महिनाभराने गुरुजी मला बाजारपेठेत भेटले. पिशवीतून घाटावरची फरसबी डोकावत होती. त्यांनी ती आत ढकलली. मीही दुसरीकडे पाहिलं.

मालाचंही तसंच. इथल्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे, पाहुणे आगळ मागतात, सगळं मान्य. तरी सहा टेबलांवर सहा गटांचं आगळ, आमसुलं आणि कुळथाचं पीठ ओळीने मांडलेलं पाहिलं की गिऱ्हाईक पहिल्या टेबलावरूनच परत फिरतं.

एकेकटीला आणणं मात्र घाम काढणारं काम आहे. “बघतंय हां” याचा अर्थ ‘नाही’ असतो, हे कळायलाच मला एक पावसाळा लागला. “दोन जुड्यांसाठी कोण येतला बाजारात?” हा सवाल प्रत्येक अंगणात ऐकला, आणि तो खोटा नाही. परड्यातलं, म्हणजे घरामागच्या वाडीतलं, पडवळ, चार काकड्या, लाल भाजीच्या दहा जुड्या घेऊन पूर्ण टेबल भरत नाही. म्हणून आम्ही अर्धं टेबल सुरू केलं आणि पहिल्या चार खेपांना भाडं माफ केलं. इलेक्ट्रॉनिक काट्यावर दरवर्षी शिक्का मारून घ्यावा लागतो. ती कटकट त्यांच्या गळ्यात नको म्हणून बाजाराचेच दोन काटे ठेवले.

सगळ्यात मोठी चूक वाराची होती. आम्ही रविवार धरला होता, आणि आमच्याकडच्या आतल्या गावांतल्या बऱ्याच एसटी फेऱ्या शाळेसाठी सुटतात. रविवारी शाळा नाही, तर गाडीही नाही! शनिवार केला आणि वस्तीच्या गाडीने सकाळी टोपल्या उतरू लागल्या. 2023 च्या मार्चपासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे दहा जुड्यांचं गणितही थोडं जमायला लागलं.

लावणीच्या दिवसांत कोणाला विचारायला जाऊ नका. आंब्याच्या दिवसांत बागायतदाराकडे तर नकोच, त्याचं चित्त वाशीच्या घाऊक बाजारात गेलेल्या पेटीत असतं. श्रावणात जा. परडं भरलेलं असतं आणि चतुर्थी तोंडावर असते.

पहिल्या फेरीत मी नऊ जणींना भेटलो. चौघी आल्या, तिघी टिकल्या. कागदावर हा आकडा गटांपुढे फिकाच दिसतो. मात्र त्या तिघींपैकी एकीने दिवाळीनंतर शेजारणीला आणलं, शेजारणीने जावेला. त्यांच्यासाठी मला एकदाही वाडीत जावं लागलं नाही. आणि गिऱ्हाईक आता ‘त्या काकींची भाजी’ असं म्हणून विचारतं.

महिन्याभरात बाजार उघडायचाच असेल तर गटांशिवाय गत्यंतर नाही, तिथे माझा हट्ट नाही. फक्त एक अट घाला: हंगामभर टेबलामागे एकच बाई. ही अट आम्ही उशिरा घातली, दोन गट रागावून गेले, एक परत आला. आज आमच्याकडे गटांची पाच टेबलं आहेत आणि काक्यांची अकरा अर्धी. सुरुवातीला सगळीच गटांची होती.